भोंगा गप्प बसला

प्रिय सूनबाई,

पाकीट बघून घाबरू नकोस. तुझी सासू ठणठणीत आहे, मी ठणठणीत आहे, आणि तुझ्या कुंड्यांना पाणी घालायला मी फक्त एकदाच विसरलो. हे पत्र घेऊन तुझा नवरा दुपारच्या बसने निघतोय. वाटेत फोडायचं नाही अशी त्याला तंबी दिली आहे, पण शेवटी तो माझाच मुलगा, म्हणून डिंक जरा सढळ हाताने लावलाय. फोन का नाही केला, असं विचारशील. अगं, मी फोनवर बोललो की समोरच्या बिल्डिंगलासुद्धा ऐकू जातं. जन्मभर मार्केटात भाजीचे लिलाव पुकारले, हळू बोलायला कधी शिकलोच नाही. आणि जे सांगायचंय ते उद्या सकाळी तू कमिटीपुढे जाण्याआधी तुला कळायलाच हवं, आणि तुझ्याशिवाय कुणाला कळता कामा नये. पण ते सावकाश सांगतो. म्हाताऱ्याला आधी थोडी बडबड करू दे.

आधी कालचं. सूनबाई, सुटलो बाई एकदाचा! शेवटची शिट्टी वाजली आणि मी बाकावर असा मटकन बसलो की शेजारच्या माणसाने पाण्याची बाटली पुढे केली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. झालं काहीच नव्हतं. जिवात जीव आला होता एवढंच. गेली दोन वर्षं छातीवर जो धोंडा घेऊन मी फिरत होतो, तो कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. रात्री झोप कशी लागली म्हणतेस! सकाळी तुझ्या सासूबाईंनी येऊन नाकाशी हात धरून बघितला म्हणे, मी आहे की गेलो ते.

मला मैदानावर 'भोंगा' म्हणतात हे तुला माहीत आहे, आणि तुझ्याइतकं ते कुणालाच माहीत नसेल. तुझं लग्न ठरायच्याही आधीची गोष्ट. आमच्या क्लबचा सामना होता, आणि बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन एक काटकुळी मुलगी पळत होती. तिने आमचा गोल ऑफसाइड ठरवला. मी पायरीवर उभा राहून जो आवाज लावला, 'अगं ए झेंडेवाली, बाजारात ये, चष्मा स्वस्तात मिळवून देतो!' सगळा स्टँड हसला. त्या मुलीने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. पुढे चारसहा महिन्यांनी आमच्या चिरंजीवांनी एका मुलीला घरी आणलं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणाला. तू बाहेरच्या खोलीत बसली होतीस आणि मी आतून ओरडलो, 'अगं, पाहुण्यांना पाणी दिलंस का?' तू तिथल्या तिथे ओळखलंस! आणि बोलली नाहीस. लग्न झालं, वर्ष झालं, तरी बोलली नाहीस. एकदा मी टीव्हीसमोर बसून कुठल्यातरी रेफरीला चष्मा घ्यायला सांगत होतो, तेव्हा तू भाजी चिरता चिरता शांतपणे म्हणालीस, 'बाबा, मला मिळवून देणार होतात त्या चष्म्याचं काय झालं?' तुझी सासू खुर्चीतून पडायची बाकी राहिली. आधी का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणालीस, 'मैदानावरचं मैदानावर राहतं, बाबा.' मी त्याबद्दल तेव्हाही माफी मागितली नाही, आजही मागणार नाही. स्टँडमध्ये बसून रेफरीला चार शब्द ऐकवायचे नाहीत, तर मग माणसाने तिकीट कशाला काढायचं? पण ती झेंडेवाली आपल्या घरात आली ते आमचं नशीब, एवढं मात्र लिहून देतो.

तुझ्यामुळे मला एक नवंच दुखणं जडलं. आजूबाजूच्या घरांतली माणसं आपल्या पोरांचं नाव पेपरात आलं की पेढे असल्यासारखा तो पेपर वाटत सुटतात. आपल्या घरात उलटं. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडतो, बातमी वरपासून खालपर्यंत वाचतो, आणि तुझं नाव कुठेच नसलं की सुटकेचा श्वास सोडून सासूला सांगतो, 'काही नाही, छान झालं.' ती बिचारी अजून बुचकळ्यात पडते. तिला तुझ्या धंद्याचं गणित कधी उमजलंच नाही. तुझा पहिला सामना टीव्हीवर लागला, तेव्हा अर्धा वेळ गप्प बसून बघितलं आणि मग रागावून म्हणाली, 'एवढी जिवाच्या आकांताने पळतेय पोरगी, तिला कुणी बॉल का देत नाही?'

पण दोन वर्षांपूर्वी तुझं नाव पेपरात आलं. तो दिवस तू विसरली नाहीस, मीही नाही. पुढच्या फळीतल्या खेळाडूला मागून लाथ बसली, फाउल होताच, तुझं काही चुकलं नव्हतं, तू शिट्टी वाजवलीस. आणि त्याच क्षणाला सुटलेला चेंडू त्याच्याच जोडीदाराच्या पायात गेला आणि जाळ्यात. गोल! पण शिट्टी आधी वाजलेली, त्यामुळे तो गोल धरता येईना. ज्याला मार बसला त्याचाच गोल गेला. फाउल बरोबर, नियम बरोबर, आणि तरी सगळं चूक. फक्त एक श्वास थांबायला हवं होतं. त्या एका श्वासापायी लोकांनी तुला आठवडाभर चघळलं. ज्याच्या त्याच्या फोनवर तोच तुकडा. लॅबमध्ये लोक हात पुढे करून रक्त द्यायला बसायचे आणि तोंड वर करून विचारायचे, 'तुम्हीच का त्या?' माझ्या क्लबातल्या दोस्तांनी मला तो तुकडा पाठवला, वर हसरे चेहरे. माझ्यासारखा भोंगा, पण तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा पहिल्यांदा कळलं की खाली पळणाऱ्या माणसाच्या घरी कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं.

तू मात्र रडली नाहीस की भांडली नाहीस. तुझ्यात एकच बदल मी पाहिला. शिट्टी तोंडात धरून पळायचं तू सोडलंस. ती हातात धरायला लागलीस. कारण मी विचारलं, तर म्हणालीस, 'तोंडात असली की मनात येताच वाजते, बाबा. हातातून तोंडापर्यंत यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात मला नीट बघता येतं.' मी लिलाववाला माणूस. 'तीन वार' म्हणण्याआधी किंचित थांबायचं असतं, कारण कोपऱ्यातला एखादा हात तेव्हाच वर होतो, हे मला कोवळ्या वयात शिकवलेलं. तुझं बोलणं मला लगेच पटलं. पण रेफरींना सामने वाटून देणाऱ्या कमिटीला पटायला दोन वर्षं लागली. मोठा सामना एकही नाही. चिखलातली मैदानं, शाळांच्या स्पर्धा, कुत्रं मध्ये आलं म्हणून थांबणारे सामने. तू सगळ्यांना एकाच इस्त्रीच्या कपड्यांत गेलीस.

मग यंदा कपची फायनल तुला मिळणार अशी कुणकुण लागली. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, अळीमिळी गुपचिळी, पण तुझी सासू उगाचच गुणगुणायला लागली होती. आणि इथे माझ्या क्लबने घोटाळा केला. तो सेमीफायनल जिंकला! मी घसा बसेपर्यंत ओरडून, गळ्यात मफलर, दोस्तांच्या खांद्यावर हात, असा वाजतगाजत घरी आलो. तू खोलीत काळा शर्ट घडी करून कपाटात ठेवत होतीस. वळून हसलीस आणि म्हणालीस, 'अभिनंदन, बाबा. तुमचा क्लब फायनलला.' मी जोरात म्हटलं, 'मग! आहेच आमचा!' आणि जेवायला बसलो. तुझ्या नवऱ्याने मला गॅलरीत नेऊन सांगितलं तेव्हा प्रकाश पडला. रेफरीच्या घरातलं कुणी दोन्हीपैकी एखाद्या क्लबचं सभासद असेल, तर फायनल त्या रेफरीला देत नाहीत. तू स्वतःच कमिटीला फोन करून सांगितलं होतंस, माझे सासरे सभासद आहेत म्हणून. माझा क्लब जिंकला आणि तुझी फायनल गेली. त्या रात्री जेवण घशाखाली उतरलं नाही. तुला ते दिसलं, म्हणून तू मला उलट जास्तीची भाजी वाढलीस आणि सेमीफायनलचा दुसरा गोल कसा झाला ते विचारत बसलीस.

पुढे दोनतीन दिवसांत तुला बोलावणं आलं. फायनल तुलाच. तू फोन ठेवून आमच्याकडे बघत राहिलीस. 'बाबांचं नाव सांगूनही कसं काय दिलं?' एवढंच म्हणालीस. विचारायला वेळ नव्हता, लगेच बॅग भरून रेफरींच्या वसतिगृहावर हजर व्हायचं होतं, आणि तिथे सामना होईपर्यंत फोन काढून घेतात. तू गेलीस. दारातून दोनदा मागे वळलीस. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो.

काल मी नेहमीच्या जागी बसलो नाही. सभासदांचा स्टँड सोडून साधं तिकीट काढलं, आणि माझं नशीब असं की जागा मिळाली ती थेट समोरच्या संघाच्या पाठीराख्यांच्या कोंडाळ्यात. आजूबाजूला सगळे त्यांचे रंग, त्यांचे ढोल. माझ्या दोस्तांना सांगितलं होतं, सून रेफरी आहे, तुमच्यात बसून ओरडणं बरं दिसत नाही. तेही खरंच होतं, पण पूर्ण नव्हतं. उरलेलं पुढे लिहितो.

इतकी वर्षं फुटबॉल बघतोय, पण काल पहिल्यांदाच मी चेंडूकडे बघितलं नाही. हसू नकोस. सामना सुरू झाला आणि माझे डोळे तुझ्यावर जे चिकटले ते सुटेनात. तेव्हा कळलं, तू किती वेगळीच पळतेस! सगळी पोरं चेंडूमागे, आणि तू त्याच्या किंचित बाजूने, कुणाच्या पायात न येता, पण जिथे काही होणार तिथे आधीच पोचलेली. त्यांचा तो आडदांड मधल्या फळीतला, सगळ्यांशी हुज्जत घालणारा, त्याने पहिल्यांदा ढकलाढकली केली तेव्हा मला वाटलं, आता तू कार्ड काढणार आणि हा चवताळणार. तू पळत पळत त्याच्या बाजूने गेलीस, ओठ हलले, आणि पुढे निघून गेलीस. काय म्हणालीस ग? तो एकदम हसला आणि नंतर गोगलगाय झाला. आल्यावर मला तेवढं सांग, बाकी काही नको. माझ्या मागचा एक जण अधूनमधून ओरडायला तोंड उघडायचा, 'ए रेफरी', आणि पुढे त्याला काही सुचायचं नाही. मला त्या बिचाऱ्याची दया आली. मी इतकी वर्षं हेच काम केलंय. बोलायला काही सापडलं नाही की कसं होतं ते मला विचार!

उत्तरार्धात आमचा नऊ नंबर त्यांच्या पेनल्टीच्या चौकटीत आडवा झाला. जित्याची खोड, मी अर्धा उभा राहिलोच. समोर सभासदांचा अख्खा स्टँड उठला, माझे दोस्त हात हवेत नाचवत होते, मला इकडून त्यांची टकलं ओळखू येत होती. आणि तू तिथेच होतीस, हाताच्या अंतरावर. नुसती मान हलवलीस, नाही. आमच्या गड्याने वर बघितलं, तू इतकी जवळ आहेस हे त्याला दिसलं, आणि तो गुमान उठून पळायला लागला. तो स्वतःच उठला म्हटल्यावर स्टँड काय करणार? पाण्यात ढेकूळ विरघळावं तसा तो आरडाओरडा विरला. मी खाली बसलो. लाथ लागली नव्हती, सूनबाई. मी बघितलं ना! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हा आमच्या स्टँडचा कायदा. काल पहिल्यांदा बाब्याला आमच्या स्टँडमधून बघितलं नाही, आणि बाब्या नाटक करत होता.

आणि मग ते झालं, ज्याची मला दोन वर्षं स्वप्नं पडायची. अगदी तसंच. त्यांचा पोरगा चेंडू घेऊन निघाला आणि आमच्या बचावातल्या गड्याने त्याला मागून पाय घातला. सरळ सरळ फाउल. डोळ्यांसमोर तुझा हात दिसत होता, आणि हातातली शिट्टी. तो हात हलला. छातीपर्यंत वर आला. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून 'थांब थांब थांब' असं काहीतरी पुटपुटत होतो. आणि तू थांबलीस. शिट्टी तशीच मुठीत ठेवून दोन्ही हात पुढे केलेस, चालू द्या, खेळ चालू द्या. सुटलेला चेंडू त्यांच्या दुसऱ्या पोराकडे गेला, एवढं मला गर्दीच्या आवाजावरून कळलं, कारण मी अजून तुझ्या हाताकडेच बघत होतो. मग ढोल फुटल्यासारखे वाजले. गोल! माझ्या क्लबवर गोल झाला आणि माझ्या तोंडून निघालं, 'सुटलो!' शेजारच्या माणसाने मला कवटाळून उचललं. त्याला वाटलं, हा म्हातारा आपलाच. मीही त्याला मिठी मारली. रडत होतो मी, सरळ सांगतो. तो म्हणाला, 'रडा काका, रडा, लई वाट बघितली आपण!' त्याला काय माहीत मी कशाची वाट बघितली होती.

सगळं मैदान गोल मारणाऱ्याच्या अंगावर पडलं होतं. तेवढ्यात तू शांतपणे चालत मागे आलीस, पाय घालणाऱ्या आमच्या गड्याला जवळ बोलावलंस, पिवळं कार्ड दाखवलंस आणि ठेवून दिलंस. तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. एवढ्या मोठ्या मैदानात ते बघणारा मी एकटा असेन. नंतर जी काही मिनिटं उरली ती कशी गेली मला आठवत नाही. क्लब हरला. एका गोलाने. खेळाडू एकमेकांना भेटत होते, कप आला, फोटो झाले, आणि तू तुझ्या दोघा झेंडेवाल्यांबरोबर केव्हाच आत निघून गेली होतीस. जाताना मी तुला बघितलं नाही, आणि मी तर तुलाच बघायला गेलो होतो!

तरी मनात धाकधूक होतीच. हरलेल्या स्टँडचं तोंड मला माहीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं, आणि अंगण म्हणजे नेहमी रेफरी. म्हणून आज सकाळी मुद्दाम दाढी करायला गेलो. न्हाव्याच्या दुकानात आमचा सगळा दरबार भरला होता. मी खुर्चीत डोळे मिटून पडलो आणि वाट बघत राहिलो. गोलकीपरचा उद्धार झाला. कोचच्या सात पिढ्या झाल्या. गवत ओलं होतं, नऊ नंबरचं लग्न ठरल्यापासून त्याचं खेळात लक्ष नाही, चेंडूत हवा जास्त होती. मला कुणीतरी विचारलं, 'भोंगा, गोल कसा झाला, तू तर त्या बाजूलाच होतास?' मला काय माहीत! मी म्हटलं, 'फार जोरात झाला.' गाडी चेंडूच्या हवेपर्यंत पोचली, तरी तुझं नाव काही निघेना. शेवटी माझ्याच्याने राहवेना. हात दाखवून अवलक्षण, पण विचारलंच, 'आणि रेफरी?' न्हाव्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. 'रेफरी ना...' म्हणाला, 'कोण बरं होता रेफरी?' बाकावरच्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग तो एकदम कपाळाला हात लावून म्हणाला, 'अहो, तुमची सूनबाईच होती की! बघा, लक्षातच राहिलं नाही. रागावू नका हं.' रागावू? मी त्या माणसाला साबणाच्या तोंडानेच मिठी मारली असती. तुझ्या कामाचं एवढं मोठं कौतुक माझ्या कानांनी ऐकलं, आणि ज्याने केलं त्याला पत्तासुद्धा नाही.

हे सगळं रंगवून सांगायला घरी आलो, तर सासूचा चेहरा उतरलेला. तुझा फोन येऊन गेला होता. उद्या सकाळी स्पर्धेनंतरच्या बैठकीत तू उभी राहून कमिटीला सांगणार आहेस म्हणे, की सासऱ्यांचं नाव मी दिलं होतं, तुमच्या नजरेतून ते सुटलं, त्यामुळे ही फायनल मला द्यायला नको होती. 'मैदानावरची चूक कबूल करते, मग ही का लपवू?' असं म्हणालीस. हे तुझंच बोलणं, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. आणि म्हणूनच पेन घेऊन बसलो.

सूनबाई, कमिटीकडून काही सुटलेलं नाही. त्या सेमीफायनलनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लबात गेलो आणि सभासदत्वाचा राजीनामा दिला. छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. सेक्रेटरीला वाटलं, मला ताप आहे. 'भोंगा, फायनलच्या तोंडावर?' म्हणाला. मी म्हटलं, घरगुती कारण. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र घेऊन तिथून तसाच कमिटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, 'त्यांना सांगायचं का?' मी म्हटलं, अजिबात नाही. सांगितलं असतं तर तू नकोच म्हणाली असतीस, आणि घेतली असतीस तरी आमच्यावर शिट्टी वाजवताना दर वेळी माझं तोंड तुला समोर दिसलं असतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. बिल्ल्याच्या जागी शर्टाला दोन भोकं राहिली आहेत, तिथे हात जातो अजून. पण काल तुझ्या हाताने ती शिट्टी मुठीत धरून ठेवली ना, तेव्हा माझा सगळा हिशेब फिटला. तेव्हा उद्या बैठकीत जा, ताठ बस, आणि हे काहीएक बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याला नाही, सासूला नाही, मलाही नाही. घरी आलीस की 'बाबा, का केलंत' म्हणून डोळ्यांत पाणी आणायचं नाही. तुझं काम झालं, माझंही झालं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. याहून मोठं सुख या वयात दुसरं काय मागू? आणि कमिटीने विचारलंच, की घरात कुणी कुठल्या संघाच्या बाजूचं आहे का, तर बेधडक सांग, आहे. एक म्हातारा आहे, तो रेफरीच्या बाजूचा आहे.

तुझाच,
बाबा